जुन्या गाडीचं ‘अ‍ॅव्हरेज’ बाटली लावून दाखवत असतील तर टोकन देऊ नका

मागच्या दिवाळीनंतर मी १९९७ची मारुती ८०० घेतली, १ लाख १५ हजारांना. जाहिरातीत लिहिलं होतं, "विंटेज क्लासिक, ४१ हजार रनिंग, अ‍ॅव्हरेज २४, रोज ऑफिसला न्या." ठाण्याहून रबाळेला रोज जाण्या-येण्याचं पेट्रोल परवडेल आणि बाबांची पहिली गाडी हीच होती म्हणून तेही खूश होतील, असा माझा हिशेब. तो कसा चुकला ते सविस्तर लिहितोय, कारण हीच युक्ती आज आणखी कुणावर तरी चालू असेल.

डीलर नवी मुंबईतला. रात्री साडेदहाला तो मला पामबीच रोडवर घेऊन गेला. गाडी थोडी चालवून गरम केली, मग बॉनेट उघडून कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढली आणि तिथे पाव लिटर पेट्रोल भरलेली पाण्याची बाटली तारेने उलटी बांधली. "साहेब, तुम्ही फक्त मीटरवर नजर ठेवा." काचा बंद, रस्ता मोकळा, चौथा गिअर, स्पीड चाळीसच्या वर नाही. मीटरवर बरोबर सहा किलोमीटर झाले आणि इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. पाव लिटरला सहा, म्हणजे लिटरला चोवीस. डोळ्यांदेखत पाहिलं होतं, शंका घ्यायला जागाच दिसली नाही. तिथेच टोकन दिलं.

पुढच्या दोन आठवड्यांत पेट्रोलचा खर्च बघून पोटात गोळा आला. टाकी फुल करून रोजचा रस्ता धरला आणि पुन्हा त्याच पंपावर फुल केली. १४.३ लिटर बसलं. मीटर म्हणत होता २३६ किलोमीटर, म्हणजे साडेसोळा. पण मी फोनच्या मॅपवरही अंतर मोजत होतो, ते भरलं २०५. म्हणजे खरं अ‍ॅव्हरेज चौदाच्या थोडं वर.

बाबांच्या ओळखीचे जुने मेकॅनिक काका आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी डॅशबोर्ड उघडला आणि दोन मिनिटांत म्हणाले, "अरे, हा मीटर या गाडीचा नाहीच." दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा बसवलेला, त्यामुळे दहा किलोमीटरला साडेअकरा दाखवायचा. ४१ हजारांचं रनिंगही त्या मीटरचं, माझ्या गाडीचं नव्हे. गाडी खरी किती पळाली, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

मग बाटलीचं. कार्बोरेटरच्या आत एक छोटी वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठतं. गाडी आधी चालवून आणली की ती भरलेली असते आणि बाटली संपल्यावर गाडी तेवढ्यावरही पळते. काकांनी ती वाटी औषधाच्या मापात ओतून दाखवली, ४० मिली निघालं. एरवी ४० मिली म्हणजे काहीच नाही, पण २५० मिलीच्या चाचणीत फार मोठा फरक. मीटरवरचे सहा किलोमीटर प्रत्यक्षात ५.२, जळलेलं पेट्रोल २९० मिली. रिकाम्या रस्त्यावर चाळीसच्या स्पीडने जेमतेम अठरा. मला तर कापूरबावडीचा सिग्नल आणि सकाळचा ऐरोलीचा ट्रॅफिक रोजचाच, तिथे चौदाच मिळणार.

आणि ‘विंटेज’ हे तर धडधडीत खोटं. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात जपलेली गाडीच विंटेज ठरते. मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३च्या डिसेंबरात. म्हणजे अगदी पहिल्या दिवसाची गाडीसुद्धा २०३३च्या आधी विंटेज नाही. शिवाय विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणताच येत नाही. मग ‘विंटेज’ आणि ‘रोज ऑफिसला न्या’ हे एकाच जाहिरातीत कसं बसतं? मला हे तेव्हा सुचायला हवं होतं. या एका शब्दासाठी मी पंचवीस-तीस हजार तरी जास्त मोजले.

तुम्ही बघायला जाल तेव्हा बाटली नको म्हणा. पंपावर टाकी फुल करा, निदान ऐंशी-शंभर किलोमीटर स्वतः चालवा, पुन्हा तिथेच फुल करा, आणि अंतर फोनवर मोजा. डीलर "एवढा वेळ नाही" म्हणाला, तर सरळ निघून या. आपला मेकॅनिक सोबत असू द्या आणि त्याला मीटर आधी बघायला सांगा.

डीलरने हात वर केले: "जुन्या गाडीला गॅरंटी नसते." मी गॅरंटी मागतच नव्हतो, त्याने छापलेल्या आकड्याबद्दल विचारत होतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पावती मी जपून ठेवली होती, त्यांचाच आता आधार आहे. काकांनी काढलेला तो मीटर पिशवीत घालून कपाटात ठेवलाय, तारखेला सोबत नेणार आहे.