जुन्या ट्रॅक्टरच्या वायरिंगसाठी साधा मल्टिमीटर: पावसाळाभर वापरल्यानंतर

पेरणीआधी कल्याणहून साधा ऑटो-रेंज (मोजायची रेंज आपोआप निवडणारा) मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट, रोध मोजायचं यंत्र, घेतला आणि मुरबाडच्या शेतावर दिवाळीपर्यंत वापरला. ट्रॅक्टर जुना महिंद्रा बी-275. इंजिन डिझेलचं, त्यामुळे स्पार्क प्लग, कॉइल यांची भानगडच नाही. चालू होत नसेल तर आधी बघायचं ते बॅटरी, की-स्विच, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच), सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) आणि अर्थिंग (बॅटरीच्या मायनसची इंजिनशी जोडणी).

ऐन चिखलणीत सेल्फ कण्हायला लागला. गॅरेजवाला म्हणाला, बॅटरी बदला. मी मीटर काढला. स्टॉपची दांडी ओढली, गिअर न्यूट्रलला टाकला आणि म्हटलं, ‘काका, मारा सेल्फ.’ सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या टर्मिनलांवर 10.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत. सेल्फचा मोठा बोल्ट आणि त्याची बॉडी यांच्यात मात्र 8.3. प्लसच्या वायरीत 0.3 जात होते; बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत तब्बल 2! अर्थची पट्टी रंगावरच आवळलेली होती आणि लगच्या (पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) आत तांबं हिरवं पडलं होतं. नवीन लग दाबून घेतला, बोल्टखालचा रंग लोखंड चमकेपर्यंत घासला, वरून ग्रीस लावलं. 2 चा 0.2 झाला आणि त्याच बॅटरीवर ट्रॅक्टर लागला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कंटिन्युइटीच्या बीपवर (वायर अखंड वाटली की मीटर वाजतो, त्यावर) अजिबात विसंबू नका. त्या सडक्या पट्टीवरही बीप खणखणीत वाजत होता. दोन-चार तारा शाबूत असल्या तरी तो वाजतो. सेल्फ 200 अँपिअर ओढत असेल तर 0.01 ओहमचा रोधसुद्धा 2 व्होल्ट खातो, आणि इतका लहान रोध साध्या मीटरला दिसत नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. म्हणून लोड देऊनच, म्हणजे सेल्फ फिरत असतानाच, व्होल्टेज मोजायचं.

पुढे की-स्विचचा घासलेला कॉन्टॅक्टही याच पद्धतीने सापडला.

उणिवा आहेत. ऑटो-रेंजवर आकडा स्थिरावेपर्यंत सेल्फ फिरवत राहावा लागतो, त्यामुळे रेंजचं बटण दाबून ती आधीच पक्की करून ठेवतो. क्रोकोडाइल क्लिप वेगळ्या घ्याव्या लागल्या; एकट्याने काम करायचं तर त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही. आणि 10 अँपिअरच्या सॉकेटमधून सेल्फचा करंट मोजायला जाऊ नका, फ्यूज उडेल. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटरच (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा) लागतो. पुढचा मीटर घेताना मी मिन-मॅक्सची (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवायची) सोय असलेलाच घेणार.