चाळीस मिनिटांत जुने गोवे दाखवणारी टूर आणि दुसऱ्या दिवशीची आमची कदंबा बस

आधी स्टार सांगून टाकते म्हणजे घाईतल्यांचं काम होईल. टूरवाल्याच्या व्हॅनला पाचपैकी दीड, त्यातला एक ड्रायव्हरदादाला कारण माणूस खरंच चांगला होता आणि अर्धा एसीला. दुसऱ्या दिवशी आम्ही बसने जाऊन आमचं आम्ही जुने गोवे बघितलं त्याला साडेचार. अर्धा कापला तो दुपारच्या उन्हाचा.

झालं असं की जानेवारीत पुण्याहून आत्या आणि माझी आतेबहीण आल्या होत्या. मी डिचोलीची, नोकरी पणजीत, खोली पण तिथेच. आता गोव्यात राहतेस तर तूच दाखव असं ताईचं म्हणणं, आणि मी आपली गप्प, कारण शाळेची पिकनिक सोडली तर जुने गोवे मी फक्त फोंड्याच्या बसच्या खिडकीतून बघितलेलं. लाज नको म्हणून पणजीतल्या एका टूरवाल्याकडे साउथ गोवा बुक केलं, माणशी साडेचारशे. नाव लिहीत नाही, असले पंधरा आहेत आणि सगळ्यांच्या कागदावर तीच यादी असते, मिरामार, दोना पावला, जुने गोवे, मंगेशी, शांतादुर्गा, मसाल्याची बाग, संध्याकाळी बोट.

जुने गोव्याला उतरवलं आणि गाइड म्हणाला चाळीस मिनिटं, बरोब्बर अकरा दहाला गाडीत बसायचं. बासिलिकात, म्हणजे बॉम जेझू चर्चमध्ये, शिरायची रांगच वीस मिनिटांची. आत्या सावकाश चालते. आत जाऊन सायबाची, म्हणजे सेंट झेवियरची, पेटी लांबून बघितली, बाहेर आलो, समोरच्या से कॅथेड्रलच्या हिरवळीवर फोटो काढला, झालं. ताईने लांबच्या टेकडीवरच्या पडक्या टॉवरकडे बोट दाखवून विचारलं ते काय, तर गाइड म्हणाला, ते तुटलेलं चर्च, तिथे काही नाही. काही नाही!! आणि त्यानंतर काजूच्या दुकानात पन्नास मिनिटं थांबलो. पाचशे वर्षं जुन्या शहराला चाळीस आणि काजूला पन्नास. रात्री जेवताना ताई म्हणाली, उद्या परत जाऊया, आपले आपण.

तर आता आपले आपण कसं जायचं ते.

पहिली गोष्ट, मॅपवर नाव नीट बघा. जुने गोवे म्हणजे वेल्हा गोवा, आणि गोवा वेल्हा हे वेगळंच गाव आहे, पणजीहून मडगावला जाताना आगशीच्या अलीकडे लागतं. शब्दांची फक्त अदलाबदल, त्यामुळे ताईने रात्री सरळ तेच टाकलं आणि म्हणते अगं इथे चर्च कुठंयत. गंमत म्हणजे ते पण ऐतिहासिकच, कदंब राजांचं गोपकपट्टण बंदर त्या भागात होतं, पण बघायला गेलात तर शेतं आणि हायवे. दुसरं, महाराष्ट्रातून रेल्वेने येणाऱ्यांनो, मडगावपर्यंत जाऊन परत उलटं येऊ नका, करमळी स्टेशन जुने गोव्यापासून अगदी जवळ आहे आणि कोकणकन्या तिथे थांबते. ओला-उबर गोव्यात नाही हे सगळ्यांना माहीत असेलच, तरी दरवर्षी कोणीतरी स्टेशनबाहेर ॲप उघडून उभं असतंच.

पणजी कदंबा स्टँडवरून फोंड्याच्या बस सारख्या असतात, त्यातल्या बऱ्याच जुने गोव्यावरून जातात, अंतर दहाएक किलोमीटर. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा. आमचा कंडक्टर "ओल्ड गोवा कोण देंवता?" असं ओरडला तेव्हा आत्याला वाटलं कोणी देवता आली की काय. देंवता म्हणजे उतरतंय. जमलं तर रायबंदरवरून जाणारी बस धरा, मांडवी नदीला चिकटून रस्ता आहे आणि पणजी सोडताना जो लांबलचक बांध लागतो तो १६३३-३४ मध्ये पोर्तुगीजांनी बांधलेला आहे, अजून त्यावरून बस जातात.

गांधी सर्कलला उतरलो तेव्हा साडेआठ झाले होते आणि बासिलिकासमोर एकही व्हॅन नव्हती. हाच सगळा फरक. दहानंतर बसवर बस येतात, त्याच्या आधीचे दीड तास तुमचे. रविवारी मात्र सकाळी मिसा, म्हणजे चर्चची प्रार्थना, असते, तेव्हा दुसरा दिवस बघा. चर्चना तिकीट नाही. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, ताईने ओढणी नेली होती ती कामाला आली.

बॉम जेझू बासिलिका १५९४ ला बांधायला घेतली आणि १६०५ ला पुरी झाली. बाहेरून ती लालकाळ्या चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, दिसते ना, ती मुळात तशी नव्हती, बाकीच्या चर्चसारखा चुन्याचा गिलावा होता, गेल्या शतकात पोर्तुगीजांनीच तो काढून टाकला आणि आता पावसाने चिरा झिजतोय म्हणून काळजी. आपल्याकडे घराला गिलावा केला नाही की चार पावसाळ्यांत काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आत सेंट झेवियर, म्हणजे गोंयचो सायब. ते वारले चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर १५५२ मध्ये. चांदीची पेटी वर आणि खाली संगमरवरी चौथरा, तो इटलीतल्या तस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला, १६९८ मध्ये इथे बसवला. दर दहा वर्षांनी अवशेष खाली आणून दर्शनाला ठेवतात, मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झालं, म्हणजे आता पुढचं लांब आहे.

आणि इथे मराठी माणसाने थोडं थांबावं. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने जुवें बेट घेतलं, म्हणजे दिवाडी बेटाच्या शेजारचं, या शहराच्या अगदी उंबऱ्यावर. पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय होता काउंट आल्व्होर, त्याचा प्रतिहल्ला फसला, तो स्वतः जेमतेम वाचला आणि परत येऊन त्याने याच चर्चमध्ये सायबाची पेटी उघडून आपला अधिकाराचा दंड त्याच्या हातात ठेवला, की आता शहर तूच सांभाळ. मग तिकडून मोगलांचा शाहआलम चालून आला आणि महाराजांना फौज मागे घ्यावी लागली. मी हे आत्याला तिथेच पेटीसमोर हळू आवाजात सांगितलं तर शेजारचं साताऱ्याचं एक कुटुंब पण येऊन उभं राहिलं, अर्धा तास मीच गाइड! आदल्या दिवशीच्या गाइडने यातलं अक्षर काढलं नव्हतं, व्हॅनमध्ये अख्खी मराठी मंडळी होती तरी.

रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल. १५६२ ला सुरू केलं, बांधायला पन्नासेक वर्षं गेली. दोन मनोरे होते, एक १७७६ मध्ये पडला, म्हणून ते एका बाजूला लंगडं दिसतं, आत्याला आधी वाटलं काम अर्धवट सोडलंय. उरलेल्या मनोऱ्यात मोठी घंटा आहे तिला सोन्याची घंटा म्हणतात. समोर आता नुसती बाग, पण या चौकात इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. लोक त्याला व्हडलें घर म्हणायचे, आणि नाव घेताना आवाज खाली जायचा. १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडली तर चालूच होतं. आता पाटी शोधत बसाल तर हिरवळीवर लोक सेल्फी काढताना दिसतील.

म्युझियम शुक्रवारी बंद असतं हे लक्षात ठेवा, आम्ही गुरुवारी गेलो म्हणून वाचलो. सेंट फ्रान्सिस चर्चला लागून आहे, एएसआयचं म्हणजे भारतीय पुरातत्त्व खात्याचं, तिकीट किरकोळ. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नरांची चित्रं ओळीने लावलीयत, बहुतेक सगळ्यांचा चेहरा पोट बिघडल्यासारखा. मला खालचं जास्त आवडलं, वीरगळ, सतीशिळा, कदंबांच्या काळातल्या मूर्ती. म्हणजे या शहराच्या आधी इथे काय होतं ते सगळं चर्चच्या बगलेत ठेवलंय.

मग नदीकडे चालत गेलं की व्हाइसरॉयची कमान, १५९९ ची, वास्को द गामाच्या पणतूने उभारलेली. नवीन व्हाइसरॉय बोटीतून उतरून हिच्याखालून शहरात शिरायचा. जवळच सेंट कायतान, रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवरचं, आत कोणी नव्हतं, दहा मिनिटं नुसते बाकावर बसलो. त्याच्या बाहेर एक काळ्या दगडाची चौकट एकटीच उभी आहे, मागे घर नाही काही नाही. तो आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा. नक्षी बघा, सरळ देवळातली वाटते. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये शहर घेतल्यावर व्हाइसरॉय बरीच वर्षं याच वाड्यात राहिले, नंतर वाडा गेला आणि दार राहिलं.

ताईचा प्रश्न इथे आला, एवढी चर्चं आहेत तर घरं कुठे गेली? तर शहर साथींनी मारलं. विहिरींचं पाणी खराब, मलेरिया, प्लेग, पटकी, माणसं पळत सुटली, व्हाइसरॉयसुद्धा आधी पणजेलीला आणि मग पणजीला गेला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि इथल्या पडक्या घरांचा दगड तिकडे बांधकामाला गेला. म्हणजे मी पणजीत भाड्याने राहते त्या जुन्या घरातले चार चिरे इथले असतील नसतील, कोण जाणे.

जेवण साधं झालं, सर्कलजवळच्या एका खानावळीत फिश थाळी, बांगडा ताजा होता, सोलकढी पाण्यासारखी. सकाळी मात्र गाड्यावरची पातळ भाजी, पाव आणि मिरची भजी खाल्ली होती ती मस्त. आत्या शाकाहारी, तिचं दोन्ही वेळा भाजीपावावर निभावलं आणि तिची तक्रार नाही.

आता आमची चूक. पडका टॉवर आम्ही दुपारी एकला चढायला घेतला. चढ फार नाही पण सावली नाही, आत्या अर्ध्यात सांता मोनिका कॉन्व्हेंटच्या भिंतीला टेकून बसली. तुम्ही हे सकाळीच उरका. पण कोणी सांगितलं काही नाही तर ऐकू नका! सेंट ऑगस्टिनचा हा टॉवर ४६ मीटर उंच आहे, नुसत्या चिऱ्याचा. पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये मठ बंद केले, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये टॉवरचा अर्धा भाग आणि दर्शनी भिंत. याची घंटा आज पणजीच्या पायऱ्यांवाल्या चर्चमध्ये वाजते, मी ती रोज ऑफिसातून ऐकते आणि हे माहीतच नव्हतं. खाली थडग्यांच्या फरश्या उघड्यावर पडल्यात, नावं, वंशचिन्हं, कवट्या कोरलेल्या, त्यावरूनच चालावं लागतं. आणि इथेच जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीचे अवशेष सापडले. तिला १६२४ मध्ये इराणात शिराझला मारलं होतं आणि ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिची हाडं इथे आणली. हैदराबादच्या लॅबमध्ये डीएनए तपासून खात्री केली आणि २०२१ मध्ये भारताने त्यांचा एक भाग जॉर्जियाला दिला. ताई उन्हात उभी राहून हे सगळं फोनवर वाचत होती, मी पाणी शोधत होते. पाणी वर मिळत नाही, खालून घेऊन जा.

चारला कमानीखालून धक्क्यावर. इथून पुढे स्वतंत्र सहल म्हणता येणार नाही, कारण माझा भाऊ डिचोलीहून गाडी घेऊन दिवाडीवरून फेरीबोटीने आला होता. पण गाडी असेल किंवा स्कूटर भाड्याने घेतली असेल तर परत पणजीला त्याच रस्त्याने जाऊ नका, हे करा. फेरीने दिवाडी, खाजनातली, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली, शेतं, बगळे, वर पिएदादचं चर्च, त्याच्या स्मशानातल्या छोट्या चॅपेलला कदंबकाळातल्या देवळाचं दगडी छत अजून आहे. मग बेटाच्या पलीकडच्या टोकाला दुसरी फेरी, ती नार्व्याला सोडते. शेवटची फेरी कधी ते बोटीवरच्या माणसालाच विचारा, नेटवरच्या वेळांवर जाऊ नका.

सप्तकोटेश्वर मुळात या दिवाडी बेटावरच होता, कदंबांचं दैवत. पोर्तुगीजांनी १५४० मध्ये देऊळ पाडलं, लिंग विहिरीच्या रहाटाला लावलं, आणि आमच्या डिचोलीच्या नारायण शेणवी सूर्यरावांनी ते नदीपार नार्व्याला आणलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ नव्याने बांधायला सांगितलं, दारावर तसा शिलालेख आहे. २०२३ मध्ये सरकारने डागडुजी करून परत उघडलं, आणि काम चांगलं केलंय हो, टाइल्स ठोकल्या नाहीत, हीच मोठी गोष्ट.

म्हणजे सकाळी चर्च बघून संध्याकाळी त्याच नदीच्या दुसऱ्या काठावर, दोन फेरीबोटींमध्ये. आत्या देवळात पाऊण तास बसली, गाडीत बसायची घाई करणारं कोणी नव्हतं. रात्री आमच्या घरी डिचोलीत जेवून झोपलो. टूरवाल्याचा दुसऱ्या दिवशी मेसेज आला, नॉर्थ गोवा करायचंय का, दहा टक्के सूट. ताईने त्याला टॉवरचा फोटो पाठवला.