पाळीच्या त्रासासाठी घेतलेल्या हार्मोनच्या गोळ्या: काही महिन्यांचा अनुभव आणि त्या ७ पांढऱ्या गोळ्या

पाळीतला अतिरक्तस्राव आणि पोटदुखी कमी व्हावी म्हणून मी बरेच महिने एकत्रित हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेतेय. रोज ठरलेल्या वेळी घ्यायची वगैरे गोष्टी वाचणाऱ्या बहुतेकींना माहीत असतील, त्या परत लिहीत नाही. मला लिहायचंय ते पाकिटातल्या शेवटच्या ७ गोळ्यांबद्दल. २१ रंगीत गोळ्यांनी मला माझं शरीर परत दिलं आणि त्या ७ पांढऱ्या गोळ्यांनी ते दर महिन्याला काढून घेतलं. हे मला सुरुवातीलाच कुणीतरी सांगायला हवं होतं.

आधीची अवस्था थोडक्यात. दुसऱ्या दिवशी तासातासाला पॅड बदलायचं. रात्री दोन पॅड पुढे-मागे लावायचे, खाली चौपदरी चादर घालायची, तरी पहाटे अंधारात गादी चाचपून बघायची. मोठमोठ्या गाठी पडायच्या. गरम पाण्याची पिशवी इतकी वापरली की ओटीपोटावर जाळीसारखे तपकिरी वळ उठले, ते अजून पुरते गेलेले नाहीत. एका पाळीत ८० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं तर ते अति, असं डॉक्टरी पुस्तकांत असतं, पण घरी ते मोजणार कोण? तासाभरात पॅड भिजणं, रात्री बदलायला उठावं लागणं, गाठी पडणं, सात दिवसांच्या वर चालणं, एवढ्या खुणा पुरेशा आहेत. माझं हिमोग्लोबिन जेमतेम काठावर होतं आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पार तळाला गेला होता. फक्त हिमोग्लोबिन बघून 'सगळं ठीक आहे' म्हणणाऱ्यांवर विसंबू नका, फेरिटिनची तपासणी स्वतः सांगून करून घ्या.

पहिल्या डॉक्टरांनी 'मूल झालं की थांबेल' म्हणून परत पाठवलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी नीट ऐकून घेतलं. सोनोग्राफी आणि थायरॉइड केलंच, शिवाय 'पहिल्या पाळीपासून असंच आहे का? दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला होता का?' असंही विचारलं. रक्त गोठण्याचा जन्मजात दोष अनेकींना अशा जास्त पाळीतूनच पहिल्यांदा कळतो, हे मला तेव्हा समजलं. दुखण्यावरचं मेफेनॅमिक ॲसिड आणि रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड मी आधी घेऊन पाहिलं होतं. थोडा फरक पडायचा, पण दिवस वाया जायचा तो जायचाच. मग गोळी. त्याआधी रक्तदाब मोजला. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसतात का, पूर्वी कधी पायात रक्ताची गुठळी झाली होती का, घरात कुणाला झाली होती का, सिगारेट ओढतेस का, हे सगळं विचारलं. ही तपासणी टाळून परस्पर दुकानातून गोळ्या आणू नका. या गोळ्यांनी गुठळी होण्याचा धोका वाढतो. तो एकूण कमी असला तरी खरा आहे.

आता कामगिरी. पाळीत कळा येतात त्या प्रोस्टाग्लँडिनमुळे. गर्भाशयाचं अस्तर सुटायला लागलं की ते तयार होतं आणि गर्भाशयाला पिळून काढतं. गोळीने अस्तर मुळात जाड होतच नाही, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिनही कमी आणि रक्तही कमी. हा हिशेब माझ्या बाबतीत जमला, पण लगेच नाही. पहिले दोन-तीन महिने मळमळ, छाती जड आणि मधेच तपकिरी डाग. त्या काळात मी हा अनुभव लिहिला असता तर पाचात दोनसुद्धा गुण दिले नसते. तिसरं पाकीट संपत आलं तसे डाग थांबले, मळमळ गेली. रक्तस्राव इतका कमी झाला की रात्रीच्या पॅडचं पाकीट उघडायचीही गरज पडेना. जिना चढताना लागणारी धाप मात्र लोहाच्या गोळ्यांनीच हळूहळू गेली. गोळी गळती थांबवते, रिकामा झालेला साठा भरत नाही.

आणि तरीही दर चौथ्या आठवड्यात पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागायचं आणि कळा यायच्याच. आधीसारख्या नाहीत, पण कामावरून लवकर निघावं लागेल इतक्या. कारण सरळ आहे. पांढऱ्या गोळीत हार्मोन नसतं. हार्मोनची पातळी धाडकन खाली येते, अस्तर सुटतं, प्रोस्टाग्लँडिन तयार होतं. जे टाळायला औषध घ्यायचं, तेच पाकिटात घालून दिलेलं! काही पाकिटांत त्या गोळ्यांत निदान लोह तरी असतं. माझ्या पाकिटात तेही नव्हतं, नुसती साखर आणि भुकटी. पैसे मात्र अठ्ठावीस गोळ्यांचे.

म्हणून मी हा आठवडा आला कुठून ते शोधलं. गोळी घडवताना ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी तिचं वेळापत्रक महिन्याच्या चक्रासारखं ठेवलं, म्हणजे बाईला दर महिन्याला रक्तस्राव दिसेल आणि सगळं नेहमीसारखं वाटेल. या दिवसांतला रक्तस्राव ही खरी पाळी नव्हेच. बीज तयार झालेलं नसतं, हार्मोन थांबवल्याचा तो परिणाम असतो. एनोविड ही पहिली गोळी अमेरिकेत १९५७ साली मंजूर झाली ती पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून. गर्भनिरोधक म्हणून मंजुरी १९६० ची. म्हणजे माझ्यासारख्या बाईसाठीच ती आधी आली होती. ब्रिटनमधल्या या विषयाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं की ७ दिवसांच्या खंडाने आरोग्याला कुठलाही फायदा होत नाही. ८४ दिवस सलग हार्मोन देणारं पाकीट अमेरिकेत २००३ मध्येच आलं होतं. मग माझ्या पाकिटातल्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ का नाही?

इथपर्यंतचं मी मागे लिहून ठेवलं होतं, शेवटी 'ठीकठाक औषध, अपेक्षाभंग' असं मत देऊन. ते मत आता बदललंय.

मॅडमना जाऊन विचारलं की पांढऱ्या गोळ्या गाळल्या तर चालेल का. त्या म्हणाल्या, 'तुझ्या गोळ्या सगळ्या एकाच मात्रेच्या आहेत, तुला चालेल. डाग दिसायला लागले आणि तीन-चार दिवसांत थांबले नाहीत, तर चार दिवस गोळी बंद ठेव, मग परत चालू कर. पण निदान २१ गोळ्या सलग झाल्याशिवाय खंड घ्यायचा नाही.' ज्या पाकिटांत दर आठवड्याला मात्रा बदलते, त्यांचं असं सरळ जोडकाम करता येत नाही, ते विचारूनच करा. खंड सातच्या पुढे लांबला तर बीज तयार होऊ शकतं, गर्भनिरोधक म्हणून घेत असाल तर हे पक्कं लक्षात ठेवा.

मावशीला सांगितलं तर ती घाबरली. 'अगं, महिन्याच्या महिन्याला गेलंच पाहिजे, नाहीतर आत साठून राहील.' तिला सांगितलं की मावशी, अस्तरच पातळ आहे, साठायला काही तयारच होत नाही. तिला पटलं की नाही माहीत नाही. पण ही भीती मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलीय की इथे लिहायलाच हवी.

सलग घ्यायला लागल्यापासून सुरुवातीला मधेमधे डाग दिसले आणि एकदा मॅडमनी सांगितलेला चार दिवसांचा खंड घ्यावा लागला. त्यानंतर शांतता आहे. डोकेदुखी पूर्ण गेली. गरम पाण्याची पिशवी कपाटात आहे. तक्रारींच्या बाजूला दोन गोष्टी उरल्या: कधीकधी उगाच मन खट्टू होतं आणि शरीरसंबंधाची इच्छा थोडी कमी झालीय. दोन्ही मॅडमच्या कानावर घातलंय. ज्यांना आधीपासून उदासीचा त्रास आहे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगावं.

नवीन भांडण औषधाच्या दुकानात सुरू झालं. पांढऱ्या गोळ्या गाळल्या की पाकीट तीन आठवड्यांत संपतं. दुकानदार म्हणे, 'ताई, महिना व्हायचाय, इतक्यात दुसरं देता येणार नाही.' चिठ्ठीवर 'सलग घेणे' असं लिहून आणलं तरी त्याने दोनदा फोन केल्याशिवाय दिलं नाही. आणि दर तीन आठवड्यांनी ७ गोळ्या केराच्या टोपलीत टाकताना जीव जळायचा. शेवटी मॅडमनीच सुचवलं की हीच मात्रा २१ गोळ्यांच्या पाकिटातही येते. तेच घ्यायला लागले. फेकाफेक थांबली आणि चिठ्ठीतही मॅडमनी एकदम तीन पाकिटं लिहून दिली.

गर्भाशयात बसवायचं ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल या हार्मोनचं साधन हा दुसरा पर्याय माझ्यासमोर आहे. रक्तस्राव कमी करण्यात ते गोळीपेक्षा सरस ठरतं आणि रोज आठवण ठेवावी लागत नाही. साध्या तांबीने रक्तस्राव वाढतो, या साधनाने घटतो, ही गल्लत करू नका. सध्या मला गोळी सोसतेय, म्हणून बदलत नाही. पुढच्या भेटीत रक्तदाब आणि फेरिटिन परत बघायचंय, आणि गोळी बनवणाऱ्यांना माहितीपत्रकातल्या त्या न छापलेल्या ओळीबद्दल पत्र लिहून झालंय, उत्तर यायचंय.