बाल्कनीच्या डोक्यावर काय आहे?

सिंगापूरहून निघून मलेशियातील पेनांग आणि थायलंडमधील फुकेतला थांबणारी आणि पुन्हा सिंगापूरला परतणारी चार रात्रींची क्रूझ आम्ही दोन वर्षांच्या अंतराने दोनदा केली. दोन्ही वेळा बाल्कनीची केबिन घेतली आणि दोन्ही वेळा जवळपास सारखेच पैसे मोजले. तरीही पहिल्या सफरीत आम्ही सगळे मिळून बाल्कनीत जेमतेम दोन तास बसलो असू, आणि दुसऱ्या सफरीत माझी ७४ वर्षांची आई जेवणाच्या वेळा सोडल्या तर तिथून फारशी हललीच नाही. जहाजे वेगळी असली तरी दोन्ही साधारण एकाच आकाराची होती, जेवणही तोडीस तोड होते. फरक पडला तो केबिनच्या क्रमांकामुळे. बाल्कनीचा दर भरला म्हणजे बाल्कनी मिळाली, असे मानणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. पहिल्या जहाजाचे नाव मात्र मुद्दाम देत नाही, कारण चूक जहाजापेक्षा आमच्या निवडीची, किंवा खरे तर निवड न करण्याची होती.

पहिल्या वेळी बुकिंग करून देणाऱ्या गृहस्थांनी ‘बाल्कनी म्हणजे बाल्कनी, सगळ्या सारख्याच’ असे सांगून आम्हाला ‘गॅरंटी’ प्रकारातली केबिन घ्यायला लावली. या प्रकारात प्रवाशाला केबिनचा वर्ग निश्चित मिळतो, पण क्रमांक कंपनी आपल्या सोयीने नंतर देते, आणि त्या बदल्यात दरात थोडी सूट मिळते. साहजिकच ज्या केबिना लोकांनी आराखडा पाहून टाळलेल्या असतात, त्यांच्यापैकीच एखादी वाट्याला येण्याची शक्यता अधिक. आमच्या वाट्याला आलेली केबिन पोहण्याच्या तलावाच्या डेकखाली होती. सिंगापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहाच्या आधी, बाहेर पूर्ण अंधार असताना, डोक्यावर आरामखुर्च्या ओढण्याचे आवाज सुरू झाले. एक खुर्ची ओढली जाते तेव्हा वाटते की झाले, आता थांबेल; पण तलावाभोवती खुर्च्या शेकड्याने असतात आणि त्या रोज पहाटे नव्याने ओळीत लावल्या जातात. त्यात भर म्हणजे वरच्या डेकचा कठडा आमच्या बाल्कनीच्या बराच पुढे आलेला होता, त्यामुळे मान वर केली की आकाशाऐवजी पांढरे रंगवलेले पोलाद दिसे.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही दर पाहण्याआधी जहाजाचा आराखडा पाहिला. प्रत्येक कंपनी आपल्या संकेतस्थळावर डेकनिहाय आराखडे देते, परंतु ते वाचण्याची पद्धत थोडी वेगळी आहे. ज्या डेकवर केबिन आहे तेवढाच पाहून उपयोग नाही. त्याच्या वरचा आणि खालचा डेकही उघडून नेमक्या त्याच जागी काय आहे ते पाहावे लागते. वर केबिना, खालीही केबिना, असा थर मिळाला की निम्मी काळजी मिटते, कारण केबिनांमध्ये माणसे झोपतात. वर तलाव, जॉगिंगची पट्टी किंवा बुफेचे भोजनगृह असेल, अथवा खाली नाट्यगृह किंवा रात्री उशिरापर्यंत चालणारा नाचाचा क्लब असेल, तर ती केबिन सोडून द्यावी. आराखड्यावर कसलेच नाव नसलेली कोरी जागा दिसली तर तिथे बहुधा स्वयंपाकघराचा किंवा कर्मचाऱ्यांच्या वावराचा भाग असतो, आणि ट्रॉल्यांची चाके रात्रीही थांबत नाहीत. लिफ्टपासून चार-पाच केबिना अंतर असावे. त्याहून फार दूर गेल्यास वयस्क माणसांचे पाय बोलू लागतात, कारण ३०० मीटरहून लांब जहाजात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा बोळ सरळ आणि संपता न संपणारा असतो.

बाल्कनीच्या सर्वांत खालच्या डेकवर आणखी एक अडचण असते. तिथल्या केबिनांच्या पुढ्यात किंवा लगेच खाली जीवरक्षक नौका टांगलेल्या असतात, आणि वाकून पाहिले तर पाण्याआधी नारिंगी रंगाचे छप्पर दिसते. अशा केबिना ‘अडथळा असलेले दृश्य’ म्हणून थोड्या स्वस्त विकल्या जातात. क्षितिजच पाहायचे असेल तर त्या वाईट नाहीत. पाण्याची फेसाळ धार पाहायची असेल तर मात्र नकोत.

जहाज हलण्याची भीती आईला होती. पुढच्या बाजूला, म्हणजे नाळेजवळ, लाटांवर वरखाली होणे जास्त जाणवते, आणि अगदी मागे जहाज ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर पोहोचते. मध्यभागी आणि फार उंच नसलेल्या डेकवर दोन्ही कमी. जहाजाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना असलेले स्थिरक पंख डावीकडे-उजवीकडे होणारे डोलणे बरेच आवरतात, नाळेचे वरखाली होणे ते थांबवू शकत नाहीत. ही सफर जिथून जाते ती मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंच्या भूभागांमुळे एरवीही बरीच शांत असते, त्यामुळे या मार्गावर मध्यभागाचा आग्रह चालण्याच्या सोयीसाठीच जास्त उपयोगी पडला.

मला स्वतःला सर्वांत रस वाटला तो डावी की उजवी या प्रश्नात, आणि बुकिंग करून देणारे नेमके त्याबद्दल काही बोलत नाहीत. सिंगापूर सोडून जहाज वायव्येकडे निघते, तेव्हा उजव्या हाताला मलेशियाचा किनारा असतो आणि डाव्या हाताला इंडोनेशियाचे सुमात्रा बेट. जगातल्या सर्वाधिक गजबजलेल्या जलमार्गांपैकी हा एक असल्याने येथे जहाजांना रस्त्यासारख्या मार्गिका आखून दिलेल्या आहेत, आणि समुद्रातली वाहतूक आपल्या रस्त्यांच्या उलट, उजव्या बाजूने चालते. याचा अर्थ असा की जाताना काय किंवा येताना काय, समोरून येणारी जहाजे नेहमी आपल्या डाव्या हातानेच जातात. आम्ही डावी बाजू घेतली. तेलवाहू टँकर, रंगीबेरंगी पेट्यांचे मजले रचलेली कंटेनर जहाजे, मोटारी वाहून नेणारी खोक्यासारखी जहाजे यांची रांग लागलेली असे. आईने पहिल्या दिवशी वहीत त्यांची मोजदाद सुरू केली आणि दुपारपर्यंत ती सोडून दिली.

उन्हाचा हिशेबही बाजूवर अवलंबून असतो. परतीचा चौथा दिवस पूर्णपणे समुद्रात जातो, म्हणजे बाल्कनीचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होण्याचा दिवस तोच. आणि त्या दिवशी जहाज आग्नेयेकडे जात असल्याने दुपारनंतरचे ऊन उजव्या बाजूवर येते. विषुववृत्तापासून इतक्या जवळ ते ऊन अंगावर घेऊन बसणे शक्य नसते. आमच्या डाव्या बाजूला सकाळी ऊन होते आणि दुपारी चहाच्या वेळेपासून सावली. परतीचा सूर्यास्त त्यामुळे हुकला, त्याची भरपाई जातानाच्या संध्याकाळी झाली होती. ज्यांना फोटोच काढायचे आहेत त्यांनी उजवी बाजू घ्यावी. ज्यांना बसायचे आहे त्यांनी डावी.

मे महिन्यातल्या त्या सफरीत दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती विजांच्या उजेडाने. या भागात एप्रिल ते नोव्हेंबर या काळात पश्चिमेकडून, सुमात्राच्या दिशेने, वादळी पावसाची रांग येते आणि तिला स्थानिक लोक ‘सुमात्रा’ असेच म्हणतात. बाल्कनीचे दार सरकवून पाहिले तर दूरवरच्या जहाजांचे दिवे एकेक करून विझल्यासारखे नाहीसे होत होते. पाऊस त्यांना गिळत आमच्याकडे येत होता. मग एकदम गार वारा, आणि मिनिटाभरात दोन्ही खुर्च्या चिंब. आई पांघरुणात बसून काचेआडून पाहत होती. ‘आपल्या गॅलरीत वळवाचा असाच येतो,’ ती म्हणाली. अखेरपर्यंत ती बाल्कनीला गॅलरीच म्हणत राहिली.

आता खुद्द बाल्कनीबद्दल. मोठ्या जहाजांवर साध्या बाल्कनी केबिनचे क्षेत्रफळ साधारण १८० चौरस फूट आणि बाल्कनीचे ५० चौरस फूट धरावे. दोन खुर्च्या आणि एक लहान टेबल मावते, तिसरा माणूस उभा राहतो. कठड्याला काच आहे की पत्रा, हे आधी पाहून घ्यावे, कारण पत्रा असेल तर खुर्चीत बसल्यावर समुद्र दिसतच नाही. अनेक जहाजांवर बाल्कनीचे दार उघडे राहिले की वातानुकूलन आपोआप बंद होते. आम्हाला हे न सांगता कळले, कारण खोलीतला आरसा घामेजला. दार उघडे ठेवून बोळाकडचे दारही उघडले तर वाऱ्याच्या झोताने ते असे आपटते की बोट सापडल्यास दुखापत व्हावी. आमच्या जहाजावर दाराला लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर वेगळी खिटी होती, ही सोय मनापासून आवडली. कठड्यावर टॉवेल वाळत घालायला मात्र सक्त मनाई असते. वाऱ्याने उडून तो खालच्या बाल्कनीत जातो, आणि आगीच्या दृष्टीनेही ते धोक्याचे. मराठी घरातून आलेल्या माणसाला हा नियम जड जातो. न्हाणीघरात भिंतीतून ओढून काढायची एक दोरी असते, ती आम्हाला केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने दाखवली. तो मडगावचा निघाला. जहाजावर नोकरी करणाऱ्याला गोव्यात ‘तारवटी’ म्हणतात आणि आपल्या घरातली ही तिसरी पिढी, असे त्याने कोंकणी-मराठीच्या मिश्रणात सांगितले. केबिनच्या भिंती पोलादाच्या असल्याने चुंबकाचे हूक चिकटतात, हेही त्याच्याकडूनच कळले.

एक सावधगिरी अगदी मोठ्या जहाजांबाबत. २००९ मध्ये आलेल्या ओअॅसिस ऑफ द सीज या जहाजाने मधला भाग आकाशाला मोकळा ठेवून तिथे खरी झाडे असलेली बाग केली, आणि त्या बागेवर उघडणाऱ्या बाल्कन्याही काढल्या. त्याच्या भावंड-जहाजांवरही त्या आहेत. दर पाहताना त्या ‘बाल्कनी’ या शब्दाखालीच दिसतात आणि समुद्राकडच्या बाल्कनीपेक्षा बहुधा स्वस्त असतात, पण तिथून समोरच्यांच्या बाल्कन्या दिसतात. आमच्या सोसायटीतूनही तेवढे दिसते. रोपांची आवड असणाऱ्यांना त्या आवडतीलही. पडदा मात्र लावूनच ठेवावा लागेल.

सगळ्याच सफरींना बाल्कनी हवी असेही नाही. केबिनमधून समुद्र दिसायलाच हवा, ही अपेक्षा फार जुनी नाही. सर्व केबिना बाहेरच्या बाजूला असलेले रॉयल प्रिन्सेस हे जहाज १९८४ मध्ये आले तेव्हा ते नवल होते. २०२१ मध्ये मुंबईहून सफरी सुरू करणारे कॉर्डेलिया एम्प्रेस मूळचे १९९० सालचे असल्याने त्यावर बाल्कनीच्या केबिना मोजक्याच आहेत. संध्याकाळी निघून सकाळी पोहोचायचे असेल, तर अंधारात बाल्कनीतून दिसण्यासारखे फारसे नसते आणि ते पैसे इतरत्र खर्चावेत. किमान एक पूर्ण दिवस समुद्रात असेल तरच बाल्कनी, असा हिशेब आम्ही ठरवला आहे.

दुसऱ्या सफरीतही एक गोष्ट चुकलीच. आराखड्यावर दोन केबिनांच्या मधल्या रेषेवर एक छोटी दुहेरी बाणाची खूण होती, तिच्याकडे मी लक्ष दिले नाही. त्या खुणेचा अर्थ दोन केबिनांना जोडणारे दार. दोन कुटुंबे एकत्र असतील तर ते दार फार उपयोगी. नसतील तर ते कुलूपबंद असूनही भिंतीइतका आवाज अडवत नाही. शेजारच्या गृहस्थांचा घोरण्याचा सूर आम्ही चारही रात्री ऐकला आणि पहाटे साडेपाचचा त्यांचा गजर पहिल्या तीन सकाळी. शेवटच्या सकाळी गजर झाला नाही, तेव्हा आईनेच काळजीने विचारले, ‘त्यांचं विमान चुकणार नाही ना?’