अल्कोहोल-फ्री सॅनिटायझर, हिवाळ्यापासून वापरतोय : माल बरा, पंप भिकार

पंप पुन्हा बिघडला. म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकावं, नाहीतर मनातल्या मनात त्या सप्लायरला शिव्या घालून माझंच बीपी वाढायचं.

माझं नाशिकच्या सिडकोत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. आधार, पॅन, रेशनची केवायसी, हयातीचे दाखले असलं सगळं. दिवसभर लोकांच्या नोटा, लोकांची कार्डं आणि लोकांचे अंगठे. थंब मशीनच्या त्या चिमूटभर काचेवर सकाळपासून किती जण बोट टेकवतात त्याचा हिशोब नाही, त्यामुळे कोविड गेला, बाकीच्यांनी पायाने दाबायचे ते स्टँड भंगारात घातले, पण माझ्या काउंटरवर बाटली कायम आहे. इतकी वर्षं अल्कोहोलवालंच होतं. २०२० मध्ये सरकारने २०० मिलीला १०० रुपयांची मर्यादा घातली होती आणि तरी कुठं मिळत नव्हतं, तेव्हा गोळे कॉलनीत, म्हणजे इथल्या औषधांच्या होलसेल बाजारात, ओळखीने कॅन उचलला होता, तेव्हापासून तिथूनच.

अल्कोहोल-फ्रीकडे वळायची कारणं दोन. एक म्हणजे थंडी. नाशिकची थंडी ज्याला माहितीय त्याला सांगायला नको, निफाडचा पारा पेपरात छापून यायला लागला की इकडे माझ्या बोटांच्या पेरांना चिरा पडतात, त्यात दिवसभर कागद हाताळायचा, कागद हातातलं तेल ओढून घेतो, आणि वरून अल्कोहोल. ब्रह्मांड आठवतं. दुसरं, सकाळी काउंटरवरच देवाचा दिवा असतो आणि शेजारी बाटली. बायकोने एकदा कुठला तरी व्हिडिओ बघितला, सॅनिटायझर लावलेल्या हाताने गॅस पेटवला आणि भडका उडाला असा, आणि मग रोज फोन, बाटली लांब ठेवली का, बाटली लांब ठेवली का. तसं तिचं खोटं नाही, अल्कोहोलची वाफ पेट घेते आणि ती निळसर ज्योत भर उजेडात पटकन दिसतही नाही. हात पूर्ण सुकल्याशिवाय काडी लावू नये एवढं पाळलं तर प्रश्न नसतो, पण घरात शांतता हवी होती.

तर ५ लिटरचा कॅन आणि सोबत फोमचे पंप असलेल्या दोन बाटल्या असा सेट घेतला. अल्कोहोलच्या कॅनपेक्षा दीडशे रुपये जास्त, पण सप्लायर म्हणाला "सर, फोम आहे, एका दाबात काम होतं, निम्मा लागतो, तुम्हालाच स्वस्त पडेल." हे वाक्य लक्षात ठेवा.

पहिले काही आठवडे मी खूश. झोंबत नाही, दारूच्या गुत्त्यासारखा वास नाही, दिव्याची कटकट नाही. आज्या-बाया सुद्धा न कुरकुरता हात पुढे करायच्या, नाहीतर आधी "नको बाबा, आग होते" असं चालायचं. आणि एक फायदा असा झाला जो कुणी कुठं लिहिलेला नाही. वयस्कर लोकांचे ठसे उमटत नाहीत ही आमच्या धंद्यातली रोजची रड आहे. शेतात राबलेली, भांडी घासून गुळगुळीत झालेली बोटं, त्यात अल्कोहोल लावलं की कातडी अजून कोरडी, मशीन लाल दिवा दाखवत बसतं. मग आम्ही सांगायचो, "काका, बोट जरा कपाळावर घासा", म्हणजे कपाळाचं तेल लागतं आणि ठसा येतो. अल्कोहोल-फ्री लावल्यावर बोट जरा ओलसर, मऊ राहतं, आणि एरवी तीन-चारदा दाबायला लावणारे अंगठे पहिल्या-दुसऱ्या दाबात यायला लागले. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्याची जी झुंबड उडते ती ज्याने बघितलीय त्याला हे केवढं सुख आहे ते कळेल. आता चेहऱ्यावरून पण होतं २०२१ पासून, पण अर्ध्या काकांना डोळे मिचकवा म्हटलं की ते दोन्ही मिटून घेतात आणि उघडतच नाहीत, त्यामुळे अंगठा बरा.

पण मशीनच्या काचेवर एक बारीक थर बसतो. उन्हात तिरकी धरली की दिसतो, तेलकट इंद्रधनुष्यासारखा. अल्कोहोल उडून जातं, मागे काही राहत नाही, हे उडत नाही. मागच्या माणसाच्या ठशाची सावली राहते आणि पुढच्याचा रिजेक्ट होतो. आता दर थोड्या वेळाने काच पुसायची सवय लावून घेतलीय, चष्म्याच्या फडक्याने. चालतंय.

आता पंप.

फोमचा पंप म्हणजे आत दोन कप्पे, एकात हवा एकात पाणी, दोन्ही एका बारीक जाळीतून बाहेर ढकलले की फेस होतो. ती जाळी म्हणजे सगळ्या दुःखाचं मूळ. पहिला पंप महिन्याभरातच अर्धा दाबला की अडकायला लागला. उघडून बघितला तर जाळीवर पांढरी साय. कोरफडीचा अर्क, सुगंध, काय काय घातलेलं असतं त्यात, ते सुकून बसतं. कोमट पाण्यात भिजवून, जुन्या टूथब्रशने घासून चालू केला. दुसरा पंप आमच्या पोऱ्याने मारला, साहेबांनी उरलेलं जुनं जेल, अल्कोहोलवालं, त्याच बाटलीत ओतलं, "वाया कशाला घालवायचं" म्हणून. जेल त्या जाळीतून जाणारच नाही. हाच पोरगा पूर्वी अल्कोहोलच्या बाटलीत तळाला राहिलं की नळाचं पाणी घालून पुरवायचा, त्याला तेव्हाही सांगून दमलो होतो की ६० टक्क्यांच्या खाली गेलं की ते नुसतं वासाचं पाणी.

सप्लायरला फोन केला. पंप बदलून द्या. तर म्हणे, "सर, पंप हे पॅकिंग मटेरियल झालं, प्रॉडक्ट नाही. प्रॉडक्टमध्ये काही कम्प्लेंट आहे का?" म्हटलं शेठ, मग मी काय कॅन उलटा करून गिऱ्हाइकाच्या अंगावर ओतू? तर पंप वेगळा ९० रुपये, कमीत कमी बारा घ्यावे लागतील. बारा! माझं दुकान आहे की मंगल कार्यालय? व्हॉट्सअपवर फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. संक्रांतीचा शुभेच्छा मेसेज मात्र आला.

त्या रागातच एक दिवस मोजायला बसलो. खोकल्याच्या औषधाचं झाकण असतं ना रेघा असलेलं, त्यात एक दाब फोम मारला. झाकण काठोकाठ भरलं. मग तसंच ठेवलं फेस विरेपर्यंत. खाली जे उरलं ते पहिल्या रेघेपर्यंत पण पोचलं नाही. बाकी सगळी हवा. म्हणजे "निम्मा लागतो" हे खरंच होतं, कारण हातावर पडतच निम्मं होतं. आता हे नुसतं पैशाचं नाही, सॅनिटायझर कुठलंही असो, दोन्ही हात, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा ओल्या होऊन ते चोळून सुकायला वीस-तीस सेकंद लागले पाहिजेत तर काम होतं. या फोमने तळहात ओला होतो आणि मनगटाकडे जाईपर्यंत खेळ खलास. दोन-तीन दाब मारले तर ठीक, पण मग स्वस्त कुठे पडलं?

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "घेऊ नका" असं ठोकून मोकळा होणार होतो. मध्ये दोन गोष्टी झाल्या म्हणून पुढचं लिहितोय.

आमची वहिनी नर्स आहे, घरी आली होती. मी माझं पंपपुराण लावलं तर म्हणाली, "भाऊजी, पंपाचं राहू द्या, आत काय आहे ते वाचलंत का?" कॅनवर बघितलं. बेन्झल्कोनियम क्लोराइड. अल्कोहोल-फ्रीमध्ये बहुतेक हेच असतं, साधारण ०.१३ टक्के. नवीन काही नाही, १९३५ मध्ये गेरहार्ड डोमाक या जर्मन शास्त्रज्ञाने जंतुनाशक म्हणून पुढे आणलेलं आहे. सॅव्हलॉनच्या लिक्विडवर सेट्रीमाइड लिहिलेलं असतं ते याचंच भाऊबंद. मग मला छंदच लागला, घरातलं प्रत्येक खोकं वाचायचा, तर आईच्या काचबिंदूच्या थेंबांवर सुद्धा हेच नाव, ते थेंब खराब होऊ नयेत म्हणून. म्हणजे ज्याला मी सुगंधी पाणी म्हणत होतो ते तसं नव्हतं.

कोविडच्या विषाणूवर चालतं का? अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीने लॅबमध्ये बघितलं होतं, बेन्झल्कोनियमवाल्या अल्कोहोल-फ्रीने १५ सेकंदात ९९.९ टक्के विषाणू निकामी झाले होते. ते लॅबमध्ये हां, मिसळ खाऊन आलेल्या हातावर नाही. तरी अमेरिकेची सीडीसी, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य संस्था, अजून ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेलंच वापरा म्हणते, आणि काही लोक म्हणतात बेन्झल्कोनियमवर बंदी आली, तसंही नाही. तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, २०१९ मध्ये घरगुती वापराच्या सॅनिटायझरमधले २८ घटक बाद केले, पण बेन्झल्कोनियम आणि अल्कोहोलचे दोन प्रकार, असे तीन घटक अजून अभ्यास हवा म्हणून बाजूला ठेवले. त्यात अल्कोहोल पण होतं बरं का.

मग वहिनीच्या दवाखान्यात काय वापरतात? अल्कोहोल. का, तर ते झटक्यात मारतं आणि जास्त प्रकारच्या जंतूंना मारतं. अल्कोहोल जंतूचं प्रोटीनच बिघडवून टाकतं, त्यालाही पाणी लागतं म्हणून ७० टक्केवालं १०० टक्क्यांपेक्षा भारी. बेन्झल्कोनियम जंतूच्या बाहेरच्या आवरणाला चिकटून ते फाडतं, त्यामुळे कोविड-फ्लूसारख्या चरबीचं कव्हर असलेल्यांवर चांगलं, कव्हर नसलेल्या विषाणूंवर लंगडं. आणि काही चिवट जंतू, स्युडोमोनास वगैरे, याला दाद देत नाहीत. उलट याची एक जमेची बाजू, हातावर थोडा वेळ राहून काम करत राहतं, अल्कोहोल उडालं की विषय संपला. म्हणजे जो थर काचेवर बसतो म्हणून मी बोंबलत होतो तोच हातावर उपयोगाचा. काय बोलणार.

पण वहिनीने जे सांगितलं त्यातलं सगळ्यात कामाचं म्हणजे साबण. बेन्झल्कोनियमचं आणि साबणाचं वाकडं आहे. साबण नीट धुतला गेला नसेल तर दोघं एकमेकांना निकामी करतात. आमच्या मागच्या मोरीत पाण्याची धार अशी की साबण निघता निघत नाही, पोरगा बुळबुळीत हाताने येऊन वरून फोम मारायचा, दुप्पट स्वच्छ म्हणून! सुती फडक्याचंही तसंच, सूत ते औषध स्वतःच धरून ठेवतं, म्हणून कापडाला लावून मशीन पुसण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, आमच्या गल्लीत जुलाबाची साथ आली. घरटी एक आजारी. मी नवीन कॅन मागवायच्या तयारीत, वहिनी म्हणाली यातलं काहीच नको, हात साबणाने धुवा. नोरोव्हायरससारख्या पोटाच्या विषाणूंवर अल्कोहोलचाही भरवसा नाही, बेन्झल्कोनियम तर सोडाच. पोराला सांगून सरळ मोरीचा नळ बदलून घेतला. प्लंबरने पंपापेक्षा कमी पैसे घेतले हे जाता जाता.

तर आता माझ्याकडे असं चालू आहे. काउंटरवर नोटांसाठी ७० टक्के अल्कोहोल, ग्लिसरीन असलेलं, हात कमी फाटतात, आणि दिवा उचलून मागच्या भिंतीला नेला, घरी पण शांतता. थंब मशीनपाशी अल्कोहोल-फ्री, फोमपंप काढून टाकून साध्या दाबाच्या बाटलीत, फेस नाही तर नाही, पातळ पाणीच पडतं पण हात ओला तरी होतो. मिसळ खाऊन येणाऱ्यांना हात धुवून या असं तोंडावर सांगतो, तर्रीच्या तेलातून दोन्हीपैकी काही आत शिरत नाही.

घेणार असाल तर कॅनवर घटकाचं नाव आणि टक्केवारी आहे का बघा. गोळे कॉलनीत मागच्या आठवड्यात एकाने मला "हर्बल, अल्कोहोल-फ्री" म्हणून हिरवा कॅन दाखवला, त्यावर कडुनिंब, तुळस, वाळा सगळ्यांचे फोटो, पण जंतू कशाने मरणार त्याचं नाव नाही. म्हटलं हे लावून काय होतं? तर म्हणे, "फ्रेश वाटतं." किंमत माझ्या कॅनपेक्षा ८० रुपये जास्त. कुंभमेळ्याच्या गर्दीत हे दणकून खपणार बघा.

माझा कॅन अजून पाऊण आहे, नोव्हेंबरपर्यंत पुरवीन. पुढच्या वेळी दोन-तीन दुकानदार मिळून घेत असतील तर मी आहे, फक्त त्या शेठकडून नाही.