निगेलाच्या नावाखाली कलौंजी

दिवाळी जवळ आली की बागकामवाल्यांच्या मोबाइलवर हिवाळी फुलांच्या बियांच्या जाहिराती सुरू होतात. पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्झी यांची तयार रोपं नर्सरीत मिळतात, काय घेतोय ते डोळ्यांनी दिसतं. गंडवतात ते नर्सरीवाल्यानेही कधी न लावलेल्या फुलांच्या बाबतीत. माझ्याबाबतीत ते फूल होतं निगेला डॅमासेना.

हे मूळचं भूमध्य समुद्राच्या आसपासचं हंगामी फूल. इंग्लंडच्या बागांमध्ये फार लाडकं. तिथली एक प्रसिद्ध निळी जात बागरचनाकार गर्ट्रूड जेकिल यांच्या नावाने ‘मिस जेकिल’ म्हणून ओळखली जाते. फुलाच्या खालून शेपूच्या पानांसारखी बारीक हिरवी जाळी वर येते आणि निळं फूल त्या जाळीत बसल्यासारखं दिसतं. फूल गळलं की फुग्यागत टम्म बोंड धरतं. पुण्याच्या थंडीत ते येऊ शकतं. फक्त सोटमूळ असल्यामुळे त्याला एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवलेलं सोसत नाही, बी थेट मोठ्या कुंडीतच टाकावं लागतं. एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन येईपर्यंत आपल्याही गच्चीत फुलं असतील, असा माझा हिशोब होता.

ऑनलाइन ५० बियांचं पाकीट २४९ रुपयांना घेतलं. आत बोटभर झिपलॉक पिशवी, वर निळ्या फुलाचा छापील फोटो. बिया काळ्या, खरबरीत, तिकोनी. उगवण तर इतकी छान झाली की विरळणी करावी लागली. पानं बारीक चिरलेली, अगदी फोटोत दिसतात तशी.

फूल उमललं आणि सगळं कळलं. पाच पाकळ्यांचं, इवलंसं, पांढरट. निळ्याची नुसती झाक. भोवती जाळी नाही. पुढे बोंड धरलं तेही फुगलं नाही. ती होती आपल्या स्वयंपाकघरातली कलौंजी, म्हणजे निगेला सटायव्हा. दोन्ही एकाच कुळातल्या सख्ख्या बहिणी, त्यामुळे बी काळं, पान बारीक, सगळं जुळतं. फरक दिसतो तो फुलात, आणि तोवर अडीच-तीन महिने उलटलेले असतात. बी परत करायची मुदत होती ७ दिवसांची.

यातला नफा बघा. कलौंजीच्या हजार दाण्यांचं वजन साधारण दोन ते तीन ग्रॅम भरतं. म्हणजे १०० ग्रॅमच्या पुडीत ३३ ते ५० हजार दाणे. किराणा दुकानातून ती पुडी शंभर रुपयांना आणली असं धरलं तरी ५० दाण्यांची किंमत दहा-पंधरा पैशांच्या घरात. बाकीचे २४९ रुपये छापील फोटोचे!

मला जास्त राग आला तो पाच तारेवाल्या अभिप्रायांचा. खरेदीच्या आधी मी ते वाचले होते: ‘उगवण ९० टक्के’, ‘मस्त बिया’, ‘पैसे वसूल’. आता पुन्हा नीट पाहिलं तर सगळे फोटो रोपांचेच. फुलाचा एकही नाही. भाजलेली नसली तर किराणा दुकानातली कलौंजीही उगवते, लोक खूश होऊन तारे देतात आणि फूल येईपर्यंत अभिप्राय लिहिल्याचंही विसरून जातात. त्यामुळे अनोळखी फुलाचं बी घेताना अभिप्रायात ग्राहकाच्या कुंडीतल्या फुलाचा फोटो शोधा, तोही जाहिरातीतून उचललेला नको. तो नसेल तर उगवणीच्या कौतुकाला काही अर्थ नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘ताई, हवामानामुळे रंग बदलतो.’ रंग बदलेल, पण जाळी कुठे गेली? ‘ताई, खत कमी पडलं असेल.’ मी बोंडाचा फोटो टाकला. ‘ताई, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का?’ पाकीट उघडतानाच्या व्हिडिओत तीन महिन्यांनंतरचं फूल कसं दिसणार होतं, हे त्या दादांनाच ठाऊक. शेवटी त्यांनी उत्तर देणंच सोडून दिलं.

खरं बी कसं ओळखायचं ते एका मैत्रिणीकडे कळलं. तिच्याकडे मागच्या वर्षीच्या खऱ्या डॅमासेनाची घरची बोंडं होती. आम्ही दोन वाट्या शेजारी ठेवल्या. एकीत तिचं बी, दुसरीत माझ्या पाकिटात उरलेलं. नुसत्या डोळ्यांनी मला तरी फरक सांगता आला नसता. मग प्रत्येकातले चार-पाच दाणे खलबत्त्यात चिरडले. माझ्या दाण्यांचा वास तिखट, उग्र, लोणच्याचा मसाला कुटताना येतो तो. तिच्या दाण्यांना चक्क स्ट्रॉबेरीच्या अंगाने जाणारा गोडसर वास होता. डॅमासेनाच्या बियांत डॅमासेनिन नावाचं द्रव्य असतं, कलौंजीचा उग्रपणा थायमोक्विनोनचा. पार्सल आल्या दिवशीच चार दाणे चिरडून हुंगले की ७ दिवसांच्या आत निकाल हाती येतो. त्यासाठी चार बिया गेल्या तर जाऊ द्या. मात्र पाकिटातली बी चाखून बघू नका, त्याला कसलं औषध चोळलंय कोण जाणे.

पाकिटावर पूर्ण शास्त्रीय नाव हवं. नुसतं ‘निगेला ब्लू’ असेल तर त्यात कलौंजीही बसते, आणि विक्रेता उद्या तेच म्हणेल. लॉट नंबर, उगवण चाचणीची तारीख, पॅक करणाऱ्याचा पत्ता हेही पाहा. माझ्या झिपलॉकवर यातलं काहीच नव्हतं.

पैसे मागायचे असतील तर विक्रेत्याशी घासाघीस करत बसू नका. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. ‘रिटर्नची मुदत संपली’ असं यंत्राचं उत्तर आलं तरी तिथे थांबू नका, त्या अधिकाऱ्याच्या ईमेलवर लिहा. त्यानेही भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे मराठीत बोलता येतं. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग; वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा, कारण पान नंतर बदलतं. माझ्या तक्रारीनंतर त्या पानावरचं ‘डॅमासेना’ दोन दिवसांत गायब झालं.

प्लॅटफॉर्मने २४९ रुपये परत केले, कसलंही कारण न देता. विक्रेत्यावर काही कारवाई झाल्याचं दिसत नाही. त्याच्याकडे सध्या नेमोफिला नावाच्या आणखी एका निळ्या फुलाच्या बिया आहेत, ५० ला २९९.