नोकरीशोधाचे स्वयंचलन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नांदेडमध्ये राहून बॅकएंड डेव्हलपरची (सर्व्हरच्या बाजूचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची) नोकरी शोधताना जाहिरातींचा तुटवडा जाणवत नाही. अडचण असते ती योग्य जाहिरात वेळेवर न कळण्याची, आणि कळलेल्यांपैकी बहुतेक आपल्या उपयोगाच्या नसण्याची. पुण्यात किंवा हैदराबादेत काम करणाऱ्याला कुठे भरती निघाली आहे हे सहकाऱ्यांच्या बोलण्यातूनही समजते. इथे राहणाऱ्याला ते सगळे स्वतः शोधावे लागते, आणि तेही चालू नोकरी सांभाळून. गेले काही महिने मी हे शोधण्याचे आणि लक्षात ठेवण्याचे काम यंत्राकडे दिले आहे. अर्ज लिहिण्याचे काम मात्र जाणीवपूर्वक स्वतःकडे ठेवले आहे. या वाटणीचा मला खरा फायदा झाला, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मुख्य साधन म्हणून मी एन-एट-एन (n8n) वापरते; वेगवेगळ्या सेवा एकमेकींना जोडून कामे आपोआप करवून घेणारे हे सॉफ्टवेअर आहे. बर्लिनमध्ये २०१९ साली सुरू झालेले हे साधन डॉकरच्या (सॉफ्टवेअर तयार पेटीत बांधून चालवणाऱ्या प्रणालीच्या) साहाय्याने स्वतःच्या संगणकावर विनामूल्य चालवता येते. ब्राउझरमध्ये ५६७८ या पोर्टवर ते उघडते आणि एकेक नोड (कामाची पायरी) जोडत वर्कफ्लो, म्हणजे कामांची साखळी, तयार करता येतो: ठरावीक वेळी जागे व्हायचे, माहिती आणायची, गाळायची, गुगल शीटमध्ये लिहायची आणि टेलिग्रामवर निरोप पाठवायचा. घरच्या जुन्या लॅपटॉपवर हे उत्तम चालले, परंतु उन्हाळ्यात वीज वारंवार जाऊ लागल्यावर सकाळची फेरी चुकू लागली. त्यामुळे माहिती आणण्याचा भाग मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहून गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे गिटहबच्या सर्व्हरवर ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या सेवेवर, हलवला. तिथले वेळापत्रक मूलतः जागतिक प्रमाणवेळेनुसार चालते, म्हणजे आपल्याकडे सकाळी सात वाजता काम सुरू व्हायचे असेल तर १:३० ही वेळ द्यावी लागते. तासाच्या ठोक्याला तिथे गर्दी असते आणि काम उशिरा सुरू होऊ शकते, म्हणून मधलीच वेळ निवडणे चांगले. सार्वजनिक रिपॉझिटरीत (प्रोग्राम ठेवण्याच्या जागेत) ६० दिवस काहीही हालचाल झाली नाही, तर वेळापत्रकावरचे काम आपोआप बंद केले जाते, हेही सुरुवातीलाच माहीत असावे.

माहिती कुठून आणायची, हा पुढचा प्रश्न. नोकरीच्या मोठ्या संकेतस्थळांवरून यंत्राने पाने खरवडून घेण्याचा मार्ग मी घेतला नाही. लिंक्डइनच्या वापरकर्ता करारात बॉट आणि स्क्रेपिंग यांना स्पष्ट मनाई आहे, आणि ज्या खात्यावर आपली सगळी व्यावसायिक ओळख उभी आहे ते खाते असे धोक्यात घालणे मला पटत नाही. त्याची गरजही नाही. अनेक सॉफ्टवेअर कंपन्या भरतीसाठी ग्रीनहाउस किंवा लिव्हर या प्रणाली वापरतात, आणि या दोन्हींचे जाहिरातींचे एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागण्याची सोय) सार्वजनिक आहेत. कंपनीचे नाव घालून विनंती पाठवली की तिच्या सर्व खुल्या जागा जेसॉन या यंत्राला वाचता येणाऱ्या स्वरूपात मिळतात; परवान्याची किल्ली लागत नाही. ज्या कंपन्यांची स्वतःची करिअर पाने आहेत, त्यांतल्या बऱ्याच पानांच्या सोर्समध्ये ‘जॉब-पोस्टिंग’ नावाची संरचित माहिती असते, कारण गुगलच्या शोधात जाहिरात दिसण्यासाठी ती द्यावी लागते. जाहिरातीची तारीख, मुदत आणि ठिकाण तिथे स्वच्छ मिळते. कंपन्यांची यादी मात्र हातानेच करावी लागते. त्या कामात माझ्या अनेक संध्याकाळी गेल्या, आणि साऱ्या रचनेत तीच सर्वांत मोलाची गोष्ट ठरली.

एक तांत्रिक बाब इथेच नोंदवते. ग्रीनहाउसच्या माहितीत जाहिरात शेवटची कधी बदलली ती वेळ असते. त्या वेळेवरून नवेपणा ठरवला तर किरकोळ दुरुस्ती झालेली जुनी जाहिरातही नवी म्हणून समोर येते. म्हणून प्रत्येक जाहिरातीचा क्रमांक साठवून ठेवावा आणि आधी न पाहिलेला क्रमांक आला तरच निरोप पाठवावा.

गाळणीवर मी सर्वाधिक वेळ घालवला, आणि मराठवाड्यातून शोधणाऱ्या प्रत्येकाला तो घालवावाच लागेल. ठिकाणापासूनच सुरुवात होते. आपल्या विभागाच्या मुख्य शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले, तरी कंपन्यांच्या याद्यांमध्ये जुने नाव अजून मोठ्या प्रमाणावर आहे, त्यामुळे दोन्ही नावे शोधावी लागतात. जुने नाव शोधले की बिहारमधल्या औरंगाबादच्या जाहिरातीही येतात, म्हणून राज्याची अट सोबत घालावी. धाराशिवची गोष्टही तशीच. दुसरी गोष्ट पदनामाची. ‘ऑटोमेशन इंजिनिअर’ असा शोध घेतला की वाळूज आणि शेंद्रा भागातल्या कारखान्यांच्या पीएलसी आणि स्काडाच्या (कारखान्यातली यंत्रे चालवणाऱ्या आणि त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रणालींच्या) जागा येतात. त्या जागा आपल्या ठिकाणी चांगल्याच आहेत, पण सॉफ्टवेअर चाचणीचे स्वयंचलन करणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. तंत्रज्ञानाच्या नावांनाही शब्दाची सीमा बांधून द्यावी लागते, अन्यथा ‘जावा’ मागितले की जावास्क्रिप्टच्या सगळ्या जागा हजर होतात.

‘रिमोट’ या शिक्क्याने तर माझी सर्वांत जास्त निराशा केली. अमेरिकेतल्या कंपनीच्या रिमोट जागेत बहुधा त्याच देशात राहण्याची अट असते, आणि ती मजकुराच्या शेवटी कुठेतरी लिहिलेली असते. भारतीय कंपन्यांच्या हायब्रीड जागेत आठवड्यातून तीन दिवस पुण्याच्या कार्यालयात हजेरी अपेक्षित असते, आणि नांदेडहून पुणे म्हणजे रात्रभराचा प्रवास. संरचित माहितीत अर्जदार कोणत्या देशात असावा यासाठी वेगळा रकाना आहे; तो भरलेला असेल तर गाळणी सोपी होते. नसेल तर पूर्ण मजकूर वाचण्यावाचून पर्याय नाही, आणि तिथे मी भाषा-मॉडेलची (मजकूर वाचून उत्तरे देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची) मदत घेते.

या मदतीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जाहिरात आणि रेझ्युमे दोन्ही देऊन ‘शंभरपैकी किती गुण’ असे विचारू नये. तीच जाहिरात दोनदा दिली तर गुण वेगळे येतात, आणि त्या आकड्यावर विसंबून एखादी चांगली जागा हातची जाऊ शकते. त्याऐवजी मी केवळ माहिती काढून मागते: अनुभव किती वर्षांचा हवा, कार्यालयात किती दिवस, कोणत्या देशातून काम चालेल, नोटीस पिरियडबद्दल काय म्हटले आहे. प्रत्येक उत्तराखाली जाहिरातीतले मूळ वाक्य जसेच्या तसे द्यायला सांगते, म्हणजे पडताळणी क्षणात होते. नोटीस पिरियडचा रकाना आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे, कारण मोठ्या सेवा कंपन्यांत तो ९० दिवसांचा असतो आणि अनेक जाहिरातींना तात्काळ रुजू होणारा उमेदवार हवा असतो. रेझ्युमे कोणत्याही बाहेरच्या सेवेला देण्यापूर्वी त्यातून फोन क्रमांक आणि पत्ता मी काढून टाकते.

निरोप मिळू लागले याचा आनंद काही आठवडे टिकला. कायमचा उपयोग झाला तो नोंदवहीचा. कोणत्या कंपनीला कोणत्या तारखेला अर्ज केला, रेझ्युमेची कोणती आवृत्ती पाठवली, रेफरल (कंपनीतल्या ओळखीच्या व्यक्तीची शिफारस) कोणी दिले, उत्तर काय आले, हे सर्व एका शीटमध्ये असते. गुगल ॲप्स स्क्रिप्ट (गुगलच्या सेवांमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) रोज जीमेलमधले संबंधित ईमेल तपासून त्या शीटमधली स्थिती बदलते. तिला एका वेळी सहा मिनिटांहून अधिक चालता येत नाही, म्हणून मी फक्त ठरावीक लेबलचे ताजे ईमेल तपासते. अर्जाला आठवडा उलटूनही उत्तर नसेल तर मला आठवण येते आणि मी एक छोटे, विनम्र पत्र लिहिते. मला मिळालेल्या मुलाखतींपैकी काही या दुसऱ्या पत्रानंतरच ठरल्या. मुलाखतीला बसण्यापूर्वी आपण नेमका कोणता रेझ्युमे पाठवला होता हे समोर असणे किती आधार देते, हे ज्याने अनेक ठिकाणी अर्ज केले आहेत त्याला सांगावे लागणार नाही.

आपोआप अर्ज भरणारी ब्राउझरची विस्तारके (एक्स्टेन्शन) मात्र कोणी वापरू नयेत असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने असे एक विस्तारक लावले. एकाच कंपनीत दोन परस्परविरोधी पदांसाठी त्याचे अर्ज गेले, अपेक्षित पगाराच्या रकान्यात चालू पगार भरला गेला, आणि शेवटी एका संकेतस्थळाने त्याच्या खात्यावर निर्बंध घातले. भरती करणारी व्यक्ती दिवसभर अर्जच वाचत असते. न वाचता पाठवलेला अर्ज तिला पहिल्या दोन ओळींत ओळखू येतो. यंत्रामुळे वाचलेला वेळ मी त्या दोन ओळींवर खर्च करते.

खर्च म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. डागडुजीचा वेळ मात्र सतत द्यावा लागतो. एखादी कंपनी भरतीची प्रणाली बदलते आणि तिचा प्रवाह गुपचूप रिकामा होतो. म्हणून कोणत्या स्रोताकडून किती दिवस काहीच आले नाही, हे सांगणारा एक निरोप मी रविवारी पाठवून घेते.

फ्रेशर मुलांना हीच रचना द्यावी का, असे मला इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी विचारले आहे. त्यांच्या भरतीची माहिती बहुधा प्लेसमेंट कक्षातून आणि व्हॉट्सॲप गटांतून येते, एपीआयमधून फारशी येत नाही; शिवाय त्या गटांत नोंदणी शुल्क किंवा लॅपटॉपची अनामत मागणाऱ्या बनावट जाहिरातीही फिरतात. त्यांच्यासाठी मी एक लहान वर्कफ्लो तयार केला आहे. जाहिरातीचा मजकूर टेलिग्राम बॉटला पाठवला की त्यात पैशांची मागणी आहे का, फक्त मोबाइल क्रमांक दिला आहे का आणि ईमेलचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा आहे का, हे तो तपासून सांगतो. पैसे आधीच गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करा, हेही त्याच निरोपात लिहिलेले असते.